फिस्टुला तयार होत नाही, म्हणून रक्त पातळ करायची गोळी मागावी का?

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला चुकीचं कळलं असेल तर तुमच्या लक्षात येईल. वडील ६३ वर्षांचे, वीस वर्षांपासून मधुमेह. हडपसरला राहता. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, सध्या मानेतल्या कॅथेटरवर, म्हणजे नळीवर. डाव्या मनगटावर फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया लावता याव्यात म्हणून धमनीला शिरेचा जोड, करून साडेपाच आठवडे झाले. थरथर लागते पण बारीक, आणि शीर काही फुगलेली दिसत नाही. युनिटमध्ये शेजारच्या खाटेवर असतात त्या काकांना ऑपरेशननंतर क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करायची गोळी दिली होती आणि त्यांचा फिस्टुला दीड महिन्यात चालू झाला. तुमच्या सर्जनने काहीच दिलं नाही. तेव्हा गोळी द्यायची राहून गेली का, आता मागून घ्यावी का, हा तुमचा प्रश्न. जाता जाता तुम्ही एक वाक्य लिहिलंय, की ‘आम्ही त्यांना तो हात अजिबात वापरू देत नाही.’ त्याकडे शेवटी येतो, कारण ते मला गोळीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

मी गेली बावीस वर्षं पुण्यात फिस्टुला करतो. तुमच्या वडिलांचा हात मी पाहिलेला नाही, त्यामुळे त्यांच्यापुरता निकाल देणार नाही. पण या टप्प्यावर मी कसा विचार करतो ते सांगू शकतो.

गोळी राहून गेलेली नाही. साडेपाच आठवड्यांनी काही राहून गेलं असेल तर ती एक नीट तपासणी. आणि तिला आता उशीर करू नका.

‘फिस्टुला बंद पडणं’ आणि ‘फिस्टुला तयार न होणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेशंट आणि नातेवाईक तर सोडाच, आम्ही डॉक्टरसुद्धा बोलताना त्या एकात एक मिसळतो. बंद पडणं म्हणजे आत गुठळी झाली, थरथर गेली, रक्त थांबलं. तयार न होणं म्हणजे रक्त वाहतंय, थरथरही आहे, पण शीर एवढी रुंद आणि प्रवाह एवढा मोठा झालेला नाही की दोन जाड सुया लावून मशीन चालवता येईल. तुमच्या वडिलांचा प्रश्न दुसऱ्या प्रकारचा आहे. रक्त पातळ करणारी गोळी काम करते ती पहिल्या प्रकारावर.

आम्ही सर्जन करतो तो फक्त जोड. मनगटातल्या धमनीला शेजारची शीर बारीक टाके घालून जोडायची. पुढचं सगळं शरीर करतं. एरवी त्या धमनीतून मिनिटाला वीस-तीस मिलिलिटर रक्त जातं. जोड सुरू झाला की त्याच दिवशी हा आकडा दोनशे-तीनशेवर जातो आणि सगळं सुरळीत असेल तर काही आठवड्यांत सहाशेच्या पुढे. वाढलेल्या प्रवाहाचं घर्षण शिरेच्या आतल्या अस्तराला जाणवतं. अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, भिंत सैलावते, शीर रुंदावते. शीर रुंदावली की आणखी रक्त येतं, आणखी रक्त आलं की ती आणखी रुंदावते. हळूहळू भिंतही दणकट होते, सुया सोसायला लागते. मशीनचा पंप मिनिटाला अडीचशे-तीनशे मिलिलिटर रक्त ओढतो. फिस्टुलातून त्यापेक्षा बरंच जास्त रक्त वाहत नसेल तर शीर सुईला चिकटते, मशीन सारखं बोंबलतं आणि साफ झालेलंच रक्त पुन्हा पुन्हा फिरत राहतं.

हे चक्र अडतं ती ठिकाणं ठरलेली आहेत. मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचून ती कडक होते, मग तिला रुंदावताच येत नाही. जोडाच्या पुढचे दोन-तीन सेंटिमीटर, जिथे आम्ही शीर उचलून वळवलेली असते, तिथे आतलं अस्तर जाड होऊन वाट अरुंद होते. सगळ्यात जास्त वेळा गोम इथेच सापडते. कधी मुख्य शिरेला फाटे असतात आणि रक्त वाटलं जातं. कधी शीर उत्तम असते पण कातडीखाली इतकी खोल की सुई पोचत नाही. आणि कधी छातीतली मोठी शीर जुन्या कॅथेटरमुळे आकसलेली असते.

दौंड-शिरूरकडचे शेतकरी येतात तेव्हा मी त्यांना पाटाचं उदाहरण देतो. पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचत नसेल तर तुम्ही काय बघता? वर मोटर पाणी किती टाकतेय, मधे कुठे गाळ बसलाय, कुठे बांध फुटून पाणी दुसरीकडे जातंय. पाणी पातळ करायला कुणी जात नाही. हे ऐकलं की त्यांचा पुढचा प्रश्न गोळीचा नसतो, ‘मग गाळ कुठाय ते बघू’ असा असतो.

आता गोळीबद्दल पुरावा काय आहे ते सांगतो, कारण ‘काही उपयोग नाही’ असं नुसतं म्हणणं बरोबर नाही. क्लोपिडोग्रेलवरचा सगळ्यात मोठा अभ्यास अमेरिकेत झाला आणि २००८ साली छापून आला. ८७७ पेशंट. नवा फिस्टुला केल्यानंतर एका दिवसाच्या आत ३०० मिलिग्रॅमचा पहिला डोस, मग रोज ७५ मिलिग्रॅम, सहा आठवडे. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. सहा आठवड्यांनी पाहिलं तर बिनऔषधाच्या गटात १९.५ टक्के फिस्टुले गुठळी होऊन बंद पडले होते, गोळीच्या गटात १२.२ टक्के. म्हणजे गोळीने गुठळ्या खरोखर कमी केल्या. हा फरक एवढा स्पष्ट होता की अभ्यास ठरल्यापेक्षा लवकर थांबवला.

पण त्यांनी पुढचाही प्रश्न विचारला होता, आणि पेशंटच्या दृष्टीने तोच खरा. काही महिन्यांनी या फिस्टुलांवर डायलिसिस होतंय का? दोन सुया, मिनिटाला ३०० मिलिलिटर, बारापैकी निदान आठ वेळा. या कसोटीवर नापास झालेले फिस्टुले गोळीच्या गटात ६१.८ टक्के होते आणि बिनऔषधाच्या गटात ५९.५ टक्के. फरक शून्यच म्हणायचा.

मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ त्यावर विचार करत बसलो. गुठळ्या कमी झाल्या तर चालणारे फिस्टुले वाढायला हवे होते. ते वाढले नाहीत याचा मी लावलेला अर्थ असा, की गोळीने ज्यांना बंद पडू दिलं नाही ते बहुतेक मुळातच कमकुवत प्रवाहाचे होते. गोळी नसती तर ते गोठून बंद पडले असते, गोळीमुळे बारीक धारेने वाहत राहिले. घरच्यांना वाटतं फिस्टुला जिवंत आहे, पण सुई लावायला गेलं की काही मिळत नाही. तुमच्या शेजारच्या काकांबद्दल वाईट बोलायचं नाही, त्यांचा फिस्टुला चालू झाला ही आनंदाचीच गोष्ट. मात्र त्यांची धमनी आणि शीर चांगली होती म्हणून तो चालू झाला असण्याची शक्यता मला जास्त वाटते. गोळी सोबत होती एवढंच.

अ‍ॅस्पिरिन आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूलबद्दलही नेहमी विचारलं जातं. त्यावर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मलेशिया आणि ब्रिटनमध्ये मिळून ५६७ पेशंटचा अभ्यास झाला, २०१७ साली आला. तीन महिने औषध, बारा महिन्यांनी हिशेब. माशाचं तेल घेतलेल्यांत ४७ टक्के फिस्टुले अपयशी, न घेतलेल्यांतही ४७ टक्के. अ‍ॅस्पिरिनमध्ये ४५ विरुद्ध ४३. नायट्रोग्लिसरीनचे पॅच कातडीवर लावून शीर रुंदावते का तेही पाहून झालं, तयार होण्यात फरक पडला नाही. हिपॅरिन म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, त्याचं मलम आपल्याकडे प्रत्येक युनिटमध्ये सापडतं. सुईच्या जागी काळंनिळं झालं असेल तर लावा, पण शिरेच्या वरून ते चोळल्याने शीर रुंद होत नाही. आणि नव्या फिस्टुलावर जोरजोरात चोळणं तर नकोच.

मी स्वतः यात चुकलो आहे, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय. क्लोपिडोग्रेलचा तो अभ्यास आल्यावर, गुठळ्यांचा आकडा डोक्यात ठेवून, मी काही महिने जवळजवळ प्रत्येक पेशंटला पहिल्याच दिवशी मोठा डोस देत होतो. एक पन्नाशीच्या बाई होत्या. संध्याकाळी कोपराजवळ फिस्टुला केला, रात्री गोळी दिली, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं डायलिसिस होतं आणि मशीनमध्ये नेहमीप्रमाणे हिपॅरिन गेलं. मी युनिटला फोन करून सांगायला हवं होतं, ते सांगितलं नव्हतं. दुपारी त्यांच्या मुलाचा फोन आला, ‘आईचा हात टम्म झालाय.’ जखमेखाली रक्त साचलं होतं आणि त्याच्या दाबाखाली शीर चेपली गेली होती. पुन्हा टाके उघडले, रक्त काढलं, पण फिस्टुला वाचला नाही. त्या हातात दुसरी चांगली शीर नव्हती. किडनी काम करत नसेल तर प्लेटलेट्स आधीच नीट चिकटत नाहीत, त्यात आठवड्यातून तीनदा हिपॅरिन, त्यात ही गोळी. हे तीन हिशेब एकाच माणसाच्या अंगावर होतात हे मी त्या दिवशी शिकलो. तेव्हापासून मी सरसकट देत नाही. अमेरिकेतल्या नॅशनल किडनी फाउंडेशनची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वंही फिस्टुला तयार व्हावा म्हणून क्लोपिडोग्रेल देऊ नये असंच सुचवतात.

मग मी कुणालाच देत नाही का? देतो. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. ज्यांना हृदयात स्टेंट आहे किंवा अर्धांगाचा झटका येऊन गेलाय, त्यांची गोळी हृदयासाठी आणि मेंदूसाठी आहे. ती फिस्टुलाच्या नावाखाली सुरूही करायची नसते आणि बंदही करायची नसते. तुमच्या वडिलांना असं काही असेल तर हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी चालूच राहील. एखाद्याचा फिस्टुला ऑपरेशननंतर दोन-चार दिवसांत गोठला आणि आम्ही लगेच उघडून गुठळी काढली, तर त्याला मी काही आठवडे गोळी देतो. शिरा फार बारीक असतील आणि हातात दुसरी जागाच नसेल, तेव्हाही कधी कधी देतो. यामागे मोठ्या अभ्यासाचा आधार नाही, माझा अंदाज आहे, आणि तसं मी पेशंटला सांगूनच देतो. ज्यांना पुन्हा पुन्हा गुठळ्या होतात त्यांच्या रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते, तो विषय निराळा.

मेडिकलमधून आपणहून मात्र आणू नका. गोळी स्वस्त आहे, सहज मिळते, म्हणून हे वारंवार घडतं. अ‍ॅसिडिटीसाठी ओमेप्राझोल चालू असेल तर त्याने क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होतो. पोटात अल्सर असेल तर रक्तस्राव होऊ शकतो. आणि युनिटमधल्या टेक्निशियनला माहीत नसेल तर तो हिपॅरिनचा डोस नेहमीचाच ठेवणार.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर ज्या औषधांकडे कुणी फिस्टुलाच्या नजरेने बघत नाही त्यांच्याबद्दल बोलतो, कारण माझ्या अनुभवात फिस्टुले वाचतात किंवा जातात ते त्यांच्यामुळे. पहिलं, बीपीच्या गोळ्या आणि डायलिसिसमध्ये काढलं जाणारं पाणी. भोरचे एक गृहस्थ होते. मनगटाचा फिस्टुला सात आठवड्यांचा, छान तयार होत आलेला. त्या दिवशी दोन सेशनमधलं वजन जास्त वाढलं होतं म्हणून पाणी जास्त काढलं, शेवटच्या तासात बीपी ९० च्या खाली. सकाळच्या बीपीच्या दोन्ही गोळ्या घेऊनच ते आले होते. बरं वाटल्यावर स्वारगेटहून एसटी पकडली आणि खिडकीशी, तोच हात उशाला घेऊन झोपले. भोरला उतरले तेव्हा थरथर नव्हती. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले, वीस तास उलटले होते. तो फिस्टुला आम्ही कसाबसा परत चालू केला, पण पूर्वीसारखा झाला नाही. बीपी घसरलं की नव्या फिस्टुलातला प्रवाह सगळ्यात आधी मंदावतो, आणि मंद रक्त गोठतं. म्हणून डायलिसिसच्या दिवशी सकाळची बीपीची गोळी घ्यायची की सेशननंतर, हे तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, विचारा. स्वतःच्या मनाने बदलू नका, पण विचारा जरूर. आणि दोन सेशनमध्ये पाणी-मीठ सांभाळलं तर शेवटच्या तासातली ही घसरण बऱ्याच अंशी टळते.

दुसरं, हिमोग्लोबिनचं इंजेक्शन. हिमोग्लोबिन जितकं जास्त तितकं चांगलं असं घरच्यांना वाटतं. १९९८ साली छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात हृदयविकार असलेल्या डायलिसिसच्या पेशंटचं रक्त मुद्दाम निरोगी माणसाएवढं वाढवून पाहिलं होतं. त्या गटात डायलिसिसच्या जागा गोठण्याचं प्रमाण ३९ टक्के होतं, कमी ठेवलेल्यांत २९ टक्के. म्हणून नेफ्रॉलॉजिस्ट १०-११ च्या आसपास थांबतात. ‘अजून एक इंजेक्शन द्या’ असा आग्रह धरू नका.

इथवरचं थोडक्यात: क्लोपिडोग्रेल सुरुवातीच्या गुठळ्या कमी करतं, फिस्टुला तयार करत नाही. अ‍ॅस्पिरिन आणि माशाचं तेल यासाठी उपयोगी ठरलेलं नाही. साडेपाच आठवडे झालेल्या, वाहत असलेल्या पण न फुगलेल्या फिस्टुलाला गोळीने मिळण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही.

मग काय करायचं? आज घरी एक गोष्ट करून बघा. वडिलांना पडून राहायला सांगा, हात शरीराशेजारी. तुमच्या बोटांची पेरं जोडावर अलगद ठेवा. दाबू नका. पिठाच्या गिरणीच्या भिंतीला हात लावला की जशी अखंड थरथर लागते तशी लागायला हवी, मधे न तुटणारी, आणि कोपराकडे जाल तशी हळूहळू विरत जाणारी. त्याऐवजी ठक-ठक असे ठोके लागत असतील आणि थरथर नसेल तर पुढे कुठेतरी अडथळा आहे. आता त्यांना हात सरळ वर करायला सांगा. शीर चपटी व्हायला हवी. अर्धी चपटी आणि अर्धी तशीच टम्म राहिली तर जिथे हा बदल होतो तिथे अरुंद जागा असण्याचा संभव मोठा. आणि हात खाली असतानाही शीर मऊ, चपटी, दंडाला फडकं बांधल्यावरही भरत नसेल तर रक्त मुळातच कमी येतंय. फडकं बांधून बघायचं काम मात्र डॉक्टरांवर सोडा.

बोटांनी हे एवढं कळतं. अनुभवी नेफ्रॉलॉजिस्ट किंवा डायलिसिसची जुनी सिस्टर दोन मिनिटांत सांगते की हा चालणार की नाही. चार ते सहा आठवड्यांत ही तपासणी झालीच पाहिजे, आणि शंका असेल तर लगेच डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. सर्जनकडे जाताना गोळी मागू नका, डॉप्लर मागा. त्यात शिरेची रुंदी, मिनिटाचा प्रवाह, कातडीपासून खोली आणि अरुंद जागा असेल तर ती जोडापासून किती सेंटिमीटरवर, हे चारही लिहून यायला हवं. ‘फिस्टुला पेटंट आहे’ एवढाच रिपोर्ट आला तर तो अपुरा समजा. त्याचा अर्थ फक्त ‘बंद नाही’, आणि ते तुम्हाला थरथरीवरून आधीच माहीत आहे.

आकड्यांचा एक सोपा ठोकताळा आहे, सहाचा: सहा आठवड्यांनी शीर सहा मिलिमीटर रुंद, प्रवाह सहाशे, आणि खोली सहा मिलिमीटरच्या आत. हा आदर्श झाला. चार मिलिमीटर रुंदी आणि पाचशेचा प्रवाह असेल तरी बरेच फिस्टुले चालतात. आपल्याकडच्या शिडशिडीत बांध्याच्या लोकांत साडेचार-पाच मिलिमीटरची वर दिसणारी, चांगल्या थरथरीची शीर मी हिरवा कंदील देऊन वापरायला लावतो. उलट साडेतीन मिलिमीटर आणि तीनशेचा प्रवाह दिसला तर ‘अजून दोन महिने बघू’ म्हणण्यात अर्थ नाही. तो आपोआप तयार व्हायची शक्यता कमी असते.

अशा वेळी करण्यासारखं बरंच असतं, आणि म्हणूनच मी वेळ घालवू नका म्हणतो. एक पेशंट बाहेरून माझ्याकडे आल्या होत्या तेव्हा फिस्टुला पाच महिन्यांचा होता. पाच महिने रक्त पातळ करायची गोळी चालू, थरथर आहे म्हणून सगळे निर्धास्त, आणि मधल्या काळात कॅथेटरला दोनदा जंतुसंसर्ग होऊन दोनदा अ‍ॅडमिट. कुणी एकदाही डॉप्लर केलं नव्हतं. केलं तेव्हा जोडापासून दोन सेंटिमीटरवर वाट दीड मिलिमीटरची झालेली. बारीक फुग्याने ती रुंद केली, भूल फक्त त्या जागेपुरती, अर्ध्या-पाऊण तासाचं काम. टेबलावरच थरथर बदललेली हाताला लागली. पाच आठवड्यांनी सुया लागल्या. त्या पाच महिन्यांत त्यांना झालेला त्रास टाळता येण्यासारखा होता, याचं मला आजही वाईट वाटतं.

फाटे असतील तर ते बांधता येतात. शीर खोल असेल तर वर उचलून घेता येते. धमनीच कामाची नसेल तर मनगट सोडून कोपरापाशी नवा फिस्टुला करावा, आणि तो निर्णयही लवकर झालेला बरा. फुग्याच्या कामात क्ष-किरणांसाठी रंगद्रव्य वापरतात. वडिलांना अजून बऱ्यापैकी लघवी होत असेल तर ते आधी सांगा, कारण उरलीसुरली किडनी जपायची असते. सोनोग्राफीखाली, रंगद्रव्याशिवायही हे काम करता येतं. खर्चाची काळजी असेल तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेच्या मदतनीसाला, भेटा. महात्मा जोतिराव फुले योजनेत डायलिसिस बसतं, फिस्टुलाच्या कामापैकी तुमच्या बाबतीत काय बसेल ते तो कागद बघून सांगेल.

आता तुमचं ते वाक्य. हात अजिबात वापरू देत नाही. काळजीपोटी करता हे समजतं, पण हात वापरू द्या. टाके निघून जखम भरली की हात चालायला हवा, हात चालला की रक्त येतं. मी स्पंजचा मऊ चेंडू द्यायला सांगतो. दाबायचा, तीनपर्यंत मोजायचं, सोडायचा. पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, टीव्ही बघताना. याचा पुरावा फार भक्कम आहे असं नाही, पण नुकसान काही नाही आणि घडी घातलेला हात सैल होतो. एक आजोबा चेंडूला कंटाळले तेव्हा सुनेने त्यांना रोज पोळ्यांची कणीक मळायला बसवलं. आजोबाही खूश आणि हातही सुधारला. जपायचं ते वेगळ्या गोष्टींसाठी. त्या हातावर बीपीचा पट्टा नाही, रक्त काढणं नाही, सलाइन नाही, घड्याळ नाही, जड पिशवी कोपरात अडकवणं नाही, तो हात उशाला घेणं नाही. एका बाईंचा उत्तम फिस्टुला भाचीच्या लग्नात हिरवा चुडा भरताना गेला. कासाराने हात दाबून घट्ट बांगड्या चढवल्या आणि रात्रभर तशाच राहिल्या. उजव्या हाताच्या शिराही सांभाळा, सुई लावायचीच तर पंजाच्या मागच्या बाजूला. पुढेमागे त्यांची गरज पडू शकते.

थरथर रोज सकाळ-संध्याकाळ बघा. एखाद्या दिवशी ती लागली नाही तर पुढच्या सेशनची वाट बघू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, सर्जनला फोन करा आणि निघा. पहिल्या दिवसात गुठळी काढता येते. नंतर ती शिरेला धरून बसते.

आणि डॉप्लर चांगला आला, सुया लावायचं ठरलं, तर युनिटमध्ये आधीच बोलून ठेवा की पहिले काही दिवस सगळ्यात अनुभवी टेक्निशियनने सुया लावाव्यात. बारीक सुई, पंप सावकाश. पहिल्या एक-दोन वेळा एक सुई फिस्टुलात आणि दुसरी बाजू कॅथेटरला, असंही आम्ही करतो. मानेतला कॅथेटर लगेच काढू देऊ नका. दोन्ही सुयांवर सलग पाच-सहा सेशन नीट पार पडले, मशीनचा आवाज आला नाही, हात सुजला नाही, की मग तो काढायची तारीख ठरवा.